सीतादहीच्या पोस्टखालची माणसं

पुण्याला यायला साखरखेर्ड्याच्या स्टँडवर आई माझ्याबरोबर मेहकरच्या एस.टी.त चढली तेव्हा तिच्याजवळ एक पेटी, दोन पिशव्या आणि उशीच्या खोळीत ठासून भरलेला कापूस होता. कंडक्टर म्हणाला, "मावशी, हे गाठोडं मागं टाका, सीट अडून राह्यली." आई म्हणाली, "कापूस हाये बावा तो, दगड नाई. लई अडत असंल तर तूच मांडीवर घेऊन बस." अख्खी गाडी हसली. कंडक्टरही हसला, आणि त्यानं खरंच ती खोळ आपल्या सीटवर ठेवून मेहकरपर्यंत आणली. गाडी सुटताना खाली माझा चुलतभाऊ राजूदादा उभा होता. आमचं शेत त्यानं बटईनं, वाट्यानं करायला, घेतलं होतं. खिडकीतून डोकं काढून आई त्याला बजावत होती, "बांधावरची गावरान कपाशीची ओळ उपटू नको बरं काय! नाईतर परत येऊन तुह्या दारात बसीन!" गाडी वळली, राजूदादा दिसेनासा झाला, तरी हिचं चालूच.

तुम्ही जे तिकडंच राहिलात, आणि माझ्यासारखे जे आधीच पळून आलात, तुम्हा सगळ्यांना हे मी मुद्दाम सांगते आहे. कारण आईचं ते मोठ्यानं बोलणं शेवटचं ठरतं की काय, अशी भीती मला पुढं कितीतरी महिने वाटत होती.

बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. हृदय कमजोर होतं, एका सकाळी गेले. नंतर आईनं एकटीनं एक हंगाम केला. तो वाईटच होता. बीटी कपाशीचं कंपनीचं बी आलं तेव्हा पहिली दोन-चार वर्षं शिवार नुसतं पांढरं व्हायचं, सगळे खूश. मग पाऊस मधेच दडी मारायला लागला, लाल्या पडायला लागला, म्हणजे ऐन बोंडं धरायच्या वेळी पानं लाल होऊन झाड वाळायचं. वेचणीला बायका मिळेनात. आई एकटी कमरेला बांधलेल्या ओट्यात कापूस घेऊन दिवसभर वाकलेली, आणि मी पुण्यात एसीत बसून लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची. शेवटी मी हट्टच धरला. ती आली. लेकीच्या घरी किती दिवस राहायचं, असं म्हणत म्हणत आली.

तिच्या आधी दहा वर्षं मी पुण्यात आले होते. होस्टेलच्या मेसमध्ये पहिल्याच दिवशी "मले भात नको" म्हणाले आणि टेबलावरच्या पाच मुली आठवडाभर एकमेकींना "मले, मले" करत होत्या. त्या काही दुष्ट नव्हत्या, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन महिन्यांत मी इतकी शुद्ध बोलायला लागले की एकदा घरी फोन केला तर बाबा म्हणाले, "कोण बोलून राह्यलं?" मी हसले. फोन ठेवल्यावर रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा शुद्ध. इतकी वर्षं झाली, मला ती गोष्ट कोणाला सांगायची लाज वाटत होती. आता नाही वाटत, म्हणून सांगते.

आणि मग तेच आईचं झालं. आमच्या सोसायटीत संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मी मोठ्या हौसेनं तिला नेलं. "कुठल्या तुम्ही?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "बुलढाणा जिल्हा." त्याबरोबर दोघी-तिघींचे चेहरेच पडले. एकीनं आवाज खाली आणून विचारलं, "अगं बाई, म्हणजे तिकडे ते शेतकऱ्यांचं वगैरे... ना?" जसं काही आई आत्ताच मयतावरून आली होती. आई म्हणाली, "हाव, ते हाये. पण तुमी असं तोंड काऊन केलं? आमच्याकडं लग्नंही होतात, पुरणपोळ्याही होतात." झालं! "काऊन" वर एक जण खुदकन हसली. "पुन्हा म्हणा ना काकू, किती गोड!" मग दुसरी म्हणाली, म्हणा ना. आईनं एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तिनं वाण पदराखाली घेतलं आणि म्हणाली, "चला, निघूया."

निघूया! माझी आई! आयुष्यात तिनं "निघूया" म्हटलं नव्हतं.

त्या दिवसापासून ती खाली उतरेना. घरातही जपून जपून बोलायची. "मला चहा नकोय." "तू केव्हा येशील?" टीव्हीवरच्या मालिकेतून वेचून आणलेली वाक्यं. मधेच चुकायची, ओशाळायची आणि गप्प बसायची. हळूहळू गप्पच बसायला लागली. माझा नवरा साताऱ्याचा. तो म्हणायचा, "अहो आई, तुम्ही तुमचं बोला की! मी कुठं शुद्ध बोलतोय?" ती नुसती हसायची. खोळीतला कापूस काढून, सरकी निवडून वाती वळत बसायची. आमच्या घरात देवापुढे दिवा लागतो एक. वाती झाल्या होत्या डबाभर. मला वाटायला लागलं, आपण आईला आणलं खरं, पण आईतली आई तिकडंच स्टँडवर राहून गेली. आणि ती परत यायचीच नाही.

तेव्हा मी ब्लॉग लिहीत असे. मराठी ब्लॉगांचा तो बहराचा काळ होता. आम्ही पंधरा-वीस लोक एकमेकांचं वाचायचो, एकमेकांच्या पोस्टखाली "छान", "मस्त जमलंय", "लिहीत राहा" असं लिहायचो. कोणी कोणाला पाहिलेलं नाही, खरी नावंही धड ठाऊक नाहीत. नवरा म्हणायचा, "तुमचं ते 'मस्त मस्त' म्हणजे बारशाला गेल्यासारखं आहे, मूल कसंही असलं तरी गोडच." खोटं नव्हतं ते. पण ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून आल्यावर कोणीतरी "छान" म्हटलेलं मला फार हवं असायचं. दोन कमेंट आल्या तरी मी रात्रीची भाकरी गाणं म्हणत थापायची.

दिवाळीच्या आसपास एक दिवस आई भांडी विसळता विसळता म्हणाली, "आज गावाकडं सीतादही असेल." बस, एवढंच. मी त्यावर पोस्ट लिहिली. कापसाच्या पहिल्या वेचणीला शेतात दगड मांडून पूजा करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, शेतात शिंपडतात, मग वेचायला आलेल्या सगळ्या बायका तिथंच बसून जेवतात. मला आठवत होतं ते लिहिलं, राहिलेलं आईला विचारून घेतलं, आणि तिच्या तोंडी घालून, पण चांगलं इस्त्री करून. "मग आम्ही सर्व भगिनी पंक्तीस बसत असू," असलं काहीतरी. दोन "छान" आले, एक "माहितीपूर्ण" आला. चौथी कमेंट होती "गावाकडची" अशा नावानं लिहिणाऱ्या कोणाची तरी. ती मला अजून पाठ आहे.

"पोस्ट आवडली. पण हे तुमची आई बोलते की तुम्ही? मी ज्या बायांची सीतादही ऐकली त्या पंक्तीस बसत नोत्या. जसं आई म्हणाल्या तसंच टाका ना. लई दिवस झाले तसं ऐकून."

माझे कान तापले. आधी राग आला, म्हटलं कोण ही शहाणी? मग लॅपटॉप उचलला आणि आईसमोर नेऊन ठेवला, वाचून दाखवलं.

आईनं हातातली वात बाजूला ठेवली. "हे कोण आहे?"

"माहीत नाही गं."

"नाव?"

"गावाकडची, एवढंच लिहिलंय."

"कोणत्या गावची?"

"ते नाही लिहिलेलं."

"मंग इचार ना बापा!" आई एकदम खेकसली. "बाई दारात येऊन बोलून राह्यली, आन् तू तिले गावही नाई इचारत? पाणी तरी दे म्हणावं!"

 माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तिला दिसलं नाही, कारण ती तोवर मांडी घालून बसली होती. "लिव," म्हणाली. "सांगतो म्या कशी करत सीतादही. सर्व भगिनी म्हणे! तुही मावशी, मी, शांताबाई आन् मांगं बोंबलत येणारी तू."

आईनं सांगितलं, मी अक्षर न बदलता, आमच्याकडच्या बायकांचं ते "सांगतो", "करतो"सुद्धा तसंच ठेवून, टाइप केलं. त्यात एक गोष्ट मलाही ठाऊक नव्हती. बीटी आली त्या वर्षी वेचणाऱ्या बायकांमध्ये वाद झाला होता. बी पाकिटातलं, दुकानातनं आणलेलं, त्याच्या झाडाची पूजा करायची की नाही? एक म्हणाली, यात कुठली सीतामाय, यात तर कंपनी बसली हाये. आई म्हणाली होती, "बी पाकिटातलं असलं तरी माती तं आपलीच हाये नं? आन् भूक तुले लागून राह्यली का कंपनीले? बस खाली, भात खा." वाद तिथंच मिटला.

त्या पोस्टखाली माणसांची रांग लागली. शिकागोतला एक खामगावचा मुलगा, नागपूरचे रिटायर झालेले एक काका, नाशिकची एक शिक्षिका. काकांनी लिहिलं होतं, "वाचताना माय बाजूले बसली हाये असं वाटलं." आणि "गावाकडची"नं लिहिलं, "हाव. अशीच."

आता गंमत ऐका. आपल्या लोकांनाच सुचू शकते अशी चूक. आईला वाटलं, ही माणसं घरी आलेली आहेत. चांगलं बोलून गेलेल्याला तसंच कसं सोडायचं? म्हणून प्रत्येकाला उत्तर द्यायचं, आणि उत्तर ठरलेलं: कोण्या गावचे? जेवले काय? मी म्हटलं, "आई, शिकागोत आता पहाट आहे." ती म्हणाली, "मंग झोपले काय, ते इचार." ब्लॉगवर कोणी कोणाला असं विचारत नाही, हे तिला सांगून काही उपयोग नव्हता. आणि काय सांगू, लोक उत्तरं द्यायचे! "जेवलो माय, पिठलं केलं होतं." "नाही जेवले मावशी, आज कंटाळा आला." लगेच आई, "कंटाळा कायचा? दोन भाकरी टाकाले किती येळ लागते? लिव तिले." मी लिहायची.

पण नुसत्या बोलण्यावर तिचं समाधान होईना. सगळ्यांना वाती पाठवायच्या ठरल्या. गावरान कापसाच्या, हातानं वळलेल्या, कागदाच्या पुडीत, सोबत हळदीकुंकवाची चिमूट. मी सात जणांकडून पत्ते मागवले. लोकांनी लाजत लाजत दिले. ऑफिसला जायच्या घाईत पाकिटं बांधली, मेलमधून छापलेले पत्ते न बघता चिकटवले, पोस्टात उभी राहिले, आणि काउंटरवर शेवटचं पाकीट ठेवताना "गावाकडची"चं नाव पहिल्यांदा नीट वाचलं. रेहाना. राहणार मस्कत.

मी तिथंच थबकले. हळदीकुंकू आणि देवापुढच्या वाती, रेहानाला! मागचे लोक "मॅडम, चला" करत होते. परत न्यावं तर आईला काय सांगू? नऊ-दहा महिन्यांनी बोलायला लागलेल्या बाईला म्हणू, की तू पुन्हा चुकलीस? मी पाकीट पुढं सरकवलं. घरी काही बोलले नाही. पंधरा दिवस मात्र रोज धास्तीनं ब्लॉग उघडायची.

मग रेहानाची कमेंट आली. चांगली लांबलचक.

"मावशी, पाकीट मिळालं. माहं माहेर रोहिणखेडचं. अब्बा पिंजारी. गाद्या भराले गावोगाव फिरत, आन् दिवसभर बायांशी बोलून बोलून घरी येत तवा तोंडात वऱ्हाडीच राहे. अम्मी उर्दूत इचारे, अब्बा वऱ्हाडीत सांगत. सीतादहीच्या साऱ्या गोष्टी मले अब्बाकडून मालूम. वाती पाहून आधी हसली, मंग एक उलगडून पाह्यली. धागा आखूड, मऊ. हा बीटीचा नाई. अब्बाले फोनवर सांगितलं तं म्हणे, ज्या बाईनं गावरान जपला तिले माहा सलाम सांग. साऱ्या वाती उलगडल्या आन् माह्या लेकीच्या बाहुलीची गादी भरली. रागावू नका."

मी भीत भीत वाचलं. आई ऐकत ऐकत लाल झाली. "अगंमाय! पिंजाऱ्याच्या पोरीले म्या वाती पाठवल्या!" आणि मग जी हसायला लागली ती पदर तोंडात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बाहुलीची गादी! बरं झालं. देवापुढं जळाच्या ऐवजी लेकरू तं झोपवून राह्यलं तिच्यावर. लिव, राग कायचा? अजून लागला तं सांगजो." मला नंतर म्हणाली, "तुले मालूम होतं?" मी म्हटलं, हो. "मंग बोलली काऊन नाई?" मी म्हटलं, तू पुन्हा गप्प बसशील म्हणून भ्याले.  आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि उठून कणीक मळायला गेली.

एक मात्र राहिलं होतं. आई बोलायची ती माझ्याशी, आणि माझ्या बोटांमधून ब्लॉगवर. परक्या माणसाशी तिच्या स्वतःच्या तोंडानं नाही. लिफ्टमध्ये कोणी "काय काकू, बऱ्या आहात?" म्हटलं की ती मान हलवायची. भाजीवाल्याला बोटानं दाखवायची. फोन तर घ्यायचीच नाही. हळदीकुंकवाच्या त्या दुपारचं काहीतरी तिच्या घशात बसून राहिलं होतं, आणि ते कमेंटींनी निघण्यातलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी दुपारी ब्लॉग उघडला. ठेच्यावरची जुनी पोस्ट, तिच्याखाली रेहानाचे दोनच शब्द. "अब्बा गेले."

तिच्याखाली आमची नेहमीची माणसं येऊन गेली होती. "भावपूर्ण श्रद्धांजली." "देव तुम्हाला बळ देवो." "शब्द नाहीत." मीही तसलंच काहीतरी टाइप करायला घेतलं होतं. आईला वाचून दाखवलं. तिचा चेहरा उतरला. मग म्हणाली, "साऱ्यायनं एकच काऊन लिवलं? ती जेवली काय हे कोणीच नाई इचारलं?"

"अगं, अशा वेळी..."

"अशा वेळीच इचारतात. तिचा फोन नंबर हाये नं तुह्याजवळ? लाव."

पार्सलसाठी रेहानानं दिलेला नंबर होता माझ्याकडे. मी म्हटलं, "मी बोलू का आधी?"

"नाई. मी बोलतो."

मी कॉम्प्युटरवरून फोन लावला. स्पीकरवर तिकडची रिंग वाजत होती, आणि आईचा हात पदराच्या टोकाशी चाळा करत होता. पलीकडून बारीकसा आवाज आला, "हॅलो?"  मला वाटलं, आता ही म्हणणार, "मी अमुकची आई बोलतेय." गळा साफ करून ती म्हणाली, "मी हाओ वं. साखरखेर्ड्याची. वातीवाली."

पलीकडून हळूच, "मावशी?" 

"कुठं बसली हायेस? खाली बस. पाणी पेली काय?"

"नाई मावशी."

"पे आधी. मी थांबतो."

ग्लास ठेवल्याचा आवाज ऐकू आला. मग रेहाना बोलायला लागली. तिला तिकीट मिळालं नव्हतं. काल सकाळी गेले, संध्याकाळच्या आत दफन झालं, ती पोचूच शकली नसती. कालपासून घरी लोक येत होते. लेकीच्या शाळेमुळं झालेल्या मैत्रिणी, नवऱ्याचे मित्र. सगळ्यांना ती इंग्रजीत सांगत होती, हिंदीत सांगत होती, अब्बा कसे होते ते. "मावशी, मी सांगून राह्यली, पण ते अब्बा वाटतच नाईत. दुसऱ्याच कोणाचे तरी फादर गेले असं वाटते. रडूच येऊन नाई राह्यलं मले. अब्बाशी मी ज्या बोलीत भांडत होती, त्या बोलीत भांडाले आता कोणी नाई राह्यलं."

आईनं विचारलं, "कायले भांडत होती त्याच्याशी?"

"ते दम्याची गोळी घेत नोते. म्हणत, जलमभर कापूस नाकात गेला, आता गोळी काय करते."

"खरं होतं त्याचं. पण घ्याले पाह्यजे होती," आई म्हणाली. "तू लेक हायेस, तू भांडणारच. गाद्या भराले आला की काय म्हणे तो बायांले? सांग मले."

आणि रेहाना सांगायला लागली. अब्बा दारात उभं राहून कसा आवाज द्यायचे, कंजूष बाईला काय म्हणायचे, नव्या नवरीच्या गादीत मूठभर कापूस जास्त कसा घालायचे आणि तिच्या सासूला कळू द्यायचे नाहीत. मधेच आई "हाव", "मंग?", "लबाडच होता वाटते" असं म्हणत होती. एका ठिकाणी दोघी हसल्या. आणि हसता हसताच रेहानाचा आवाज फुटला. ती रडायला लागली, लहान मुलीसारखी, मोठ्यानं, मधेमधे "अब्बा, अब्बा" म्हणत. माझ्याच्यानं तिथं बसवेना. मी उठले.

आई हलली नाही. स्पीकरच्या अगदी जवळ तोंड नेऊन ती म्हणाली, "रड बेटा. दम लागला तं थांब, मंग पुन्हा रड. मले कुठंच जाचं नाई. मी फोन ठेवत नाई."

मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. उन्हाळ्याच्या दिवसांत सगळ्यांच्या खिडक्या उघड्या होत्या आणि आईचा आवाज पार खाली जात होता, तोच, मोकळा, शेताच्या या टोकावरून त्या टोकाला पोचणारा. खाली बाकावर बसलेल्या दोघींनी वर पाहिलं. कोणी हसलं नाही. हसलं असतं तरी आईला ऐकू गेलं नसतं.

घर कुठलं, असं मला लोक अजून विचारतात. कधी मी पुणं सांगायची, कधी बुलढाणा, आणि दोन्ही वेळा थोडं खोटं बोलल्यासारखं वाटायचं. त्या दुपारी मस्कतमध्ये एका परक्या फ्लॅटमध्ये रेहाना आपल्या घरी बसून रडत होती, कारण माझी आई तिच्याशी बोलत होती. आणि गॅलरीत उभ्या उभ्या मला कळलं, की इतक्या वर्षांनी मीही घरी आले आहे.

तासाभरानं आई बाहेर आली. डोळे सुजलेले. "जेवतो म्हणे ती आता," असं सांगून ती माझ्याशेजारी टेकली. मी म्हटलं, "माय, तू थकली असशीन. बस, मी भाकरी टाकतो." बोलून गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, मी कोणत्या बोलीत बोलले ते. आईच्याही आलं असणार.  ती नुसती जरा सरकली आणि म्हणाली, "पातळ टाकजो."